दारूगोळ्याचा जुना डबा: पत्र्याची तारीख वेगळी, रंगाची वेगळी

सैन्याच्या वापरातून बाहेर पडलेला, हिरवट-मातकट रंगाचा पोलादी डबा हातात आला, की पाहणाऱ्याची नजर आधी त्यावरील पिवळ्या अक्षरांवर जाते आणि बहुधा तेथेच पहिली चूक होते. ती अक्षरे डब्याविषयी काहीच सांगत नाहीत. त्या डब्यात शेवटी जी काडतुसे भरली गेली, त्यांच्याविषयी सांगतात. डबा रिकामा होतो, परत येतो, पुन्हा रंगवला जातो, पुन्हा भरला जातो आणि दर फेरीला त्यावरचा मजकूर बदलतो. त्यामुळे ‘हा डबा कोणत्या साली तयार झाला’ आणि ‘हा डबा शेवटचा कोणत्या साली भरला’ हे दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवले पाहिजेत. जुन्या डब्यांच्या ओळखीत होणारा बहुतेक घोटाळा हे दोन प्रश्न एकच समजल्याने होतो.

डब्यावर मजकूर दोन प्रकारे उमटलेला असतो. एक म्हणजे पत्र्यावर साच्याने दाबून काढलेली उठावदार किंवा खोलगट अक्षरे. डब्याचे मॉडेल, तो बनवणाऱ्या कारखान्याचे नाव किंवा आद्याक्षरे आणि क्वचित वर्ष, एवढाच मजकूर त्यात असतो. तो पत्र्याबरोबर जन्माला येतो आणि पत्र्याबरोबरच नष्ट होतो. दुसरा प्रकार म्हणजे स्टेन्सिल ठेवून किंवा छापून रंगाने उमटवलेली अक्षरे, ज्यांत काडतुसांची संख्या, त्यांचा प्रकार, लॉट क्रमांक (एकत्र बनलेल्या खेपेचा क्रमांक) आणि भांडार क्रमांक (सैन्याच्या साठ्यातील वस्तूचा नोंद क्रमांक) येतात. पहिल्याला आपण ठसा म्हणू आणि दुसऱ्याला छाप. या दोहोंत किती अंतर पडू शकते, याचे नेहमीचे उदाहरण अमेरिकी सैन्याच्या एम२ए१ या डब्याचे आहे. हा डबा .५० कॅलिबरच्या मशीनगनच्या कडीदार पट्ट्यासाठी आखलेला असून त्यात अशी १०० काडतुसे मावतात. पण रायफलची ५.५६ मिमीची काडतुसेही याच डब्यात, कापडी बँडोलियरमध्ये, म्हणजे खांद्यावर अडकवायच्या खणांच्या पट्ट्यात घालून, ८४० च्या संख्येने पाठवली जात. म्हणजे डबा एका शस्त्राचा आणि माल दुसऱ्या शस्त्राचा, असे सर्रास चालते, आणि त्यात बनावटगिरी काहीही नसते.

जगभर सर्वाधिक आढळणारे डबे अमेरिकी असल्यामुळे त्यांचा क्रम आधी पाहणे सोयीचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्राउनिंग मशीनगनचे कापडी पट्टे लाकडी पेट्यांतून नेले जात. दुसऱ्या महायुद्धात त्यांची जागा एम१ या पोलादी डब्याने घेतली. .३० कॅलिबरच्या २५० काडतुसांचा कापडी पट्टा घडी घालून ठेवता यावा, एवढा तो असे. त्याच्या बाजूवर मॉडेल आणि कॅलिबर उठावदार अक्षरांत दाबलेले असते आणि त्याबरोबर ज्वाळा निघणाऱ्या गोळ्याचे चिन्ह असते, जे अमेरिकी सैन्याच्या ऑर्डनन्स, म्हणजे शस्त्रे व दारूगोळा पुरवणाऱ्या विभागाचे बोधचिन्ह होय. कारखान्याचे नावही पत्र्यावरच असते. ‘रीव्ह्ज’ आणि ‘कॅन्को’ ही त्यांतील वारंवार दिसणारी नावे असून कॅन्को हे अमेरिकन कॅन कंपनीचे संक्षिप्त रूप आहे. शांततेच्या काळात अन्नाचे डबे बनवणाऱ्या कंपनीचे नाव युद्धाच्या डब्यावर पाहून नवख्याला तो नकली वाटतो, पण पत्रा कापणे, दाबणे आणि जोडणे हे काम ज्याला येत होते, त्यालाच ते दिले गेले.

युद्धाच्या अखेरीस एम१ची सुधारलेली आवृत्ती एम१ए१ आली आणि युद्धानंतर .३० कॅलिबरच्या आकाराची ही परंपरा एम१९ए१ या डब्याकडे गेली. .५० कॅलिबरच्या बाजूला युद्धकाळातला डबा एम२ होता आणि त्याचा युद्धोत्तर वारस म्हणजे वर आलेला एम२ए१. हे दोन्ही युद्धोत्तर डबे सहज वेगळे ओळखता येतात. एम१९ए१ हा अरुंद, सुमारे १० सेंटिमीटर रुंदीचा असतो, तर एम२ए१ सुमारे १५ सेंटिमीटर रुंदीचा. लांबी दोहोंची २८ ते २९ सेंटिमीटरच्या आसपास असते. यापेक्षा मोठे डबे दिसले, की त्यांच्या नावात बहुधा ‘पीए’ ही अक्षरे आढळतात, आणि ती पिकाटिनी आर्सेनल या सरकारी संस्थेची आद्याक्षरे आहेत. मोठ्या डब्यांपैकी एम५४८ हा २० मिमी तोफेच्या काडतुसांसाठी होता.

येथे एक सापळा सांगितला पाहिजे, कारण त्यात अनेक जण सापडतात. एम१९ए१ मधला ‘१९’ म्हणजे १९१९ साल नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्य आपल्या वस्तूंना स्वीकृतीचे साल जोडत असे, म्हणून ब्राउनिंग मशीनगनची नावे एम१९१७ आणि एम१९१९ अशी आहेत. पण पुढे ही पद्धत सोडून साधे चालू क्रमांक देण्यास सुरुवात झाली. त्यामुळे एम१, एम२, एम१९ हे केवळ क्रमांक आहेत आणि ‘ए१’ म्हणजे त्या मॉडेलची पहिली अधिकृत सुधारणा. शिवाय मॉडेलचे नाव मिळाले म्हणजे साल मिळाले, असेही नाही. एम१९ए१ आणि एम२ए१ हे डबे कित्येक दशके तसेच बनत राहिले, त्यामुळे त्यांच्या नावावरून ‘हा डबा युद्धाच्या आधीचा नाही’ एवढेच ठामपणे म्हणता येते. तारीख ठरवण्याच्या या कामात बहुतेक खुणा अशाच एकतर्फी असतात: एखादी खूण ‘याच्या आधीचा नाही’ एवढे सांगते, दुसरी ‘याच्या नंतरचा नाही’ एवढे सांगते, आणि या दोहोंच्या मध्ये डब्याला कोंडीत पकडावे लागते.

आता छापाकडे वळू. एम१९ए१ डब्याच्या बाजूवर पिवळ्या अक्षरांत असे काही लिहिलेले असते: २०० काडतुसे, ७.६२ मिमी नाटो, ४ बॉल एम८०, १ ट्रेसर एम६२, लिंक एम१३, आणि खाली लॉट क्रमांक. याचा अर्थ असा, की आत सुट्या धातूच्या कड्यांनी जोडलेला पट्टा आहे, कड्यांचे मॉडेल एम१३ आहे, आणि दर चार साध्या गोळ्यांमागे मार्ग दाखवणारी एक प्रकाशमान गोळी आहे. नाटोची स्थापना १९४९ साली झाली आणि ७.६२ मिमीचे हे काडतूस १९५० च्या दशकात प्रमाण ठरले, त्यामुळे हा छाप महायुद्धातला असूच शकत नाही. वर्तुळातले अधिकचे चिन्ह दिसले, तर ते नाटोचे चिन्ह आहे आणि हा माल सदस्य देशांत अदलाबदलीने वापरण्याजोगा असल्याचे ते सांगते. अमेरिकी डब्यांवर मजकुराशेजारी लहान चित्रेही असतात, कधी कडीदार पट्ट्याचे, कधी काडतुसांच्या क्लिपचे, कधी बँडोलियरचे. अंधारात, घाईत, अक्षरे न वाचता सैनिकाला माल ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. आज अर्धी अक्षरे खरवडली गेली असताना तीच चित्रे आपल्यालाही उपयोगी पडतात.

लॉट क्रमांक हा या सगळ्या मजकुराचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. त्याच्या सुरुवातीची अक्षरे काडतुसे बनवणाऱ्या कारखान्याची असतात. ‘एलसी’ म्हणजे मिसुरी राज्यातील लेक सिटीचा कारखाना, ज्याचे उत्पादन १९४१ साली सुरू झाले आणि आजही चालू आहे. ‘टीडब्ल्यू’ म्हणजे मिनेसोटातील ट्विन सिटीज, ‘डब्ल्यूआरए’ म्हणजे विंचेस्टर, ‘आरए’ म्हणजे रेमिंग्टन. काही कारखान्यांचे आयुष्य आखूड असल्यामुळे त्यांची अक्षरेच तारीख सांगून जातात. ‘ईसी’ म्हणजे इव्हान्सव्हिल येथील क्रायस्लरचा कारखाना. मोटारी बनवणारी ही कंपनी युद्धात काडतुसांच्या कामाला लागली आणि ते काम १९४२ ते १९४४ एवढेच चालले. ‘एफए’ म्हणजे फिलाडेल्फियाचे फ्रँकफर्ड आर्सेनल, जे १९७७ साली बंद झाले, त्यामुळे त्या अक्षरांचा छाप त्यानंतरच्या मालाचा असू शकत नाही.

कारखान्याच्या अक्षरांपुढचा भाग काळानुसार बदलला. जुन्या पद्धतीत तेथे केवळ चालू क्रमांक असे, आणि उत्पादनाच्या नोंदी समोर नसतील तर त्यावरून साल काढता येत नाही. नंतरच्या पद्धतीत मात्र साल आणि महिना क्रमांकातच गुंफलेले असतात. नमुन्यादाखल ‘एलसी-८६के६०२-०१३’ असा क्रमांक घेऊ. ‘८६’ म्हणजे १९८६ साल. ‘के’ हे महिन्याचे अक्षर असून रोमन वर्णमालेतील ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असे ते एचपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत, सरळ जाते. पुढचे ‘आय’ हे अक्षर एक या आकड्यासारखे दिसत असल्यामुळे गाळले जाते, त्यामुळे सप्टेंबर हा ‘जे’ होतो आणि डिसेंबर ‘एम’ होतो. म्हणजे ‘के’ हा ऑक्टोबर. ‘आय’ गाळलेले आहे हे लक्षात न घेता बोटांवर मोजणारा माणूस वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत नेहमी एक महिना पुढे जातो. उरलेला ‘६०२’ हा मालेचा दर्शक आहे आणि ‘०१३’ हा त्या मालेतील लॉटचा अनुक्रम.

लॉटने साल सांगितले नाही, तर भांडार क्रमांकाची घडण पाहावी, कारण ती ठरावीक टप्प्यांनी बदलली. महायुद्धकाळात अमेरिकी दारूगोळ्यावर पाच अक्षर-अंकांची एक सांकेतिक खूण येत असे, आणि लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी तिची सुरुवात ‘टी१’ ने होई. १९५० च्या दशकापासून ११ अंकी भांडार क्रमांक आला, जो चार, तीन आणि चार अंकांच्या तीन गटांत लिहिला जाई. १९७४ साली त्यात दोन अंकांची भर पडून तो १३ अंकी झाला. पहिल्या चार अंकांनंतर देशाचा संकेत घातला गेला. अमेरिकेसाठी हा संकेत ‘००’ किंवा ‘०१’ असतो, त्यांपैकी ‘००’ जुन्या नोंदींना आणि ‘०१’ बदलानंतरच्या नव्या नोंदींना मिळाला. ब्रिटनचा संकेत ‘९९’, जर्मनीचा ‘१२’ आणि फ्रान्सचा ‘१४’ आहे. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात: ‘१३०५’ म्हणजे ३० मिमीपर्यंतची काडतुसे, आणि ‘८१४०’ म्हणजे दारूगोळ्याचे रिकामे डबे व वेष्टने. याखेरीज एक अक्षर आणि तीन अंकांचा आणखी एक संकेत आढळतो. ‘ए१३१’ हा वर सांगितलेल्या चारास एक मिश्रणाच्या ७.६२ मिमी पट्ट्याचा आणि ‘ए०५९’ हा क्लिपमधील ५.५६ मिमी एम८५५ काडतुसांचा. १९९० च्या दशकापासून संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक माल वाहतुकीच्या नियमांनुसार वर्तुळात ‘यू’ आणि ‘एन’ ही अक्षरे आणि त्यापुढे वेष्टनाचा संकेत येऊ लागला. या संकेतात वेष्टनाच्या निर्मितीचे वर्ष दोन अंकांत दिलेले असते. छापातली बाकी सारी माहिती मालाची. वेष्टनाचे स्वतःचे वर्ष उघडपणे सांगणारा छाप हाच. मात्र तो बहुतेकदा बाहेरच्या पेटीवर असतो, आतल्या डब्यावर नव्हे.

प्रत्यक्ष तपासणीला फार साधने लागत नाहीत. खोलीत अंधार करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून, आडवा प्रकाश पडेल अशी धरावी. रंगाच्या चार थरांखाली बुजलेला ठसा त्याच्या सावलीमुळे वर येतो. तरीही वाचता आले नाही, तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासावी. जुना छाप नव्या रंगाखाली झाकलेला असला, तरी अक्षरांचा थर किंचित जाड असल्यामुळे त्याच्या कडा याच प्रकाशात दिसतात. रंग खरवडण्याचा मोह मात्र आवरावा. एक तर वरचा थर हा स्वतःच पुरावा असतो, आणि दुसरे म्हणजे जुन्या लष्करी रंगात शिसे असू शकते, त्याची भुकटी फुफ्फुसात जाणे बरे नव्हे. रंगाच्या छटेवरून साल ठरवणारे पुष्कळ भेटतात, पण ऊन, तेल आणि पुनर्रंग यांनी छटा इतकी बदलते, की मी तिला साक्षीदार मानतो, पंच मानत नाही.

झाकणाविषयी विशेष सावधगिरी हवी. एम२ए१ आणि एम१९ए१ या डब्यांचे झाकण पूर्ण उघडून बाजूला सरकवले, की बिजागरीतून सुटून येते. मशीनगनशेजारी डबा ठेवताना ते अडू नये, म्हणून ही सोय आहे. याचा परिणाम असा, की साफसफाईत आणि रंगकामात झाकणे सहज अदलाबदल होतात. म्हणून झाकणावरचा ठसा आणि अंगावरचा ठसा वेगवेगळे वाचावेत आणि दोहोंत कारखाना वेगळा निघाला तर आश्चर्य मानू नये. आतली रबरी पट्टी तर झिजली की बदलतातच, तिच्यावरून काहीच ठरवू नये.

अमेरिकेबाहेरच्या डब्यांना हेच तत्त्व लागू पडते, फक्त लिपी आणि सवयी बदलतात. ब्रिटिश डब्यांवर तीन रेषांचा रुंद बाण असतो, जो सरकारी मालकीची खूण आहे, आणि डब्याचे नाव एक अक्षर, एक क्रमांक व त्यापुढे ‘मार्क’ अशा क्रमाने येते. हा मार्क रोमन अंकात आहे की साध्या अंकात, हे पाहावे: १९४४ सालापर्यंत रोमन अंक वापरात होते आणि त्यानंतर साधे अंक आले. जर्मनीच्या एमजी ३४ आणि एमजी ४२ या मशीनगनांचे डबे लांबट असून त्यांत ५० काडतुसांचे पट्टे एकमेकांना जोडून ठेवत. त्यांवर कारखान्याचा संकेत, वर्षाचे अंक आणि गरुडासह तपासणी विभागाचा शिक्का, असे सगळेच पत्र्यावर ठोकलेले मिळते, त्यामुळे तारखेच्या दृष्टीने हे डबे सर्वांत सोपे म्हणावे लागतील. परंतु युद्धानंतर युगोस्लाव्हियाने एमजी ४२ची नक्कल एम५३ या नावाने केली आणि तिचे डबेही तसेच दिसतात. शिक्का नसलेल्या डब्याला घाईने युद्धकालीन ठरवू नये.

सोव्हिएत पद्धत निराळीच आहे. तेथे काडतुसे झाळून बंद केलेल्या पातळ पत्र्याच्या डब्यात येतात आणि असे दोन डबे एका लाकडी पेटीत बसतात. त्या डब्याला रशियनमध्ये ‘झिंक’ म्हणतात, कारण हा पत्रा मुळात जस्ताचा मुलामा दिलेला असे. ७.६२ गुणिले ५४ मिमी काडतुसे एका डब्यात ४४० असतात, ५.४५ मिमीची १,०८०, तर ७.६२ गुणिले ३९ मिमीची आधी ६६० असत आणि नंतर ७०० झाली, त्यामुळे येथे संख्याच काळाची खूण ठरते. या डब्यावर एकाच वेळी दोन तारखा असतात, आणि त्या दोन्ही खऱ्या असतात. एक ओळ काडतुसांची: उदाहरणार्थ ‘ए२७-७८-१८८’, म्हणजे लॉट ए२७, वर्ष १९७८ आणि १८८ क्रमांकाचा, नोव्होसिबिर्स्कचा कारखाना, १७ क्रमांक बर्नाउलचा आणि ६० क्रमांक फ्रुंझेचा, म्हणजे आजच्या बिश्केकचा. दुसरी ओळ आतल्या बारुदीची, तिचा स्वतःचा लॉट आणि स्वतःचे वर्ष. बारूद आधी बनते आणि काडतूस नंतर भरले जाते, म्हणून बारुदीचे वर्ष काडतुसाच्या वर्षाएवढे किंवा त्याच्या आधीचे असते. ते नंतरचे दिसले, तर आपण ओळी उलट वाचत आहोत, एवढेच समजावे. रंगीत पट्टाही तेथे गोळीचा प्रकार सांगतो: हिरवा म्हणजे प्रकाशमान गोळी, काळा आणि लाल म्हणजे चिलखतभेदी-आगलावी गोळी. हा डबा एकदाच उघडायचा आणि टाकून द्यायचा असल्यामुळे त्याच्या बाबतीत डब्याची तारीख आणि मालाची तारीख व्यवहारात एकच, हा मोठाच दिलासा.

यावरूनच ओघाने एक गोष्ट येते. झाळून बंद असलेला डबा ‘आत काय आहे ते पाहू’ म्हणून कधीही उघडू नये, हलवू नये आणि तापवू तर मुळीच नये. उघडणाऱ्या डब्यात काडतूस, फ्यूज किंवा हातगोळ्यासारखे काही आढळले, तर जेथे आहे तेथेच ठेवून पोलिसांना कळवावे. छापावर काय लिहिले आहे, यावर याबाबतीत विसंबू नये, कारण रिकाम्या डब्यात नंतर कोणी काय ठेवले, याची नोंद पत्र्यावर होत नाही. अलीकडे नव्याने बनवलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत. त्यांचा पत्रा पातळ असतो, खटका सैल बसतो, कारखान्याचा ठसा नसतो आणि छापात ‘.५० कॅलिबर’ असे मोघम लिहून लॉटची जागा मोकळी सोडलेली असते. वस्तू ठेवायला ते उत्तमच आहेत. फक्त त्यांना तारीख शोधत बसू नये.

शेवटी माझ्या संग्रहातला एक एम२ए१ डबा येथे मांडतो. त्याच्या अंगावर आणि झाकणावर दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे ठसे आहेत आणि दोहोंपैकी एकावरही साल नाही. वरच्या पिवळ्या छापात १३ अंकी क्रमांक असून लॉटमध्ये १९८६चा ऑक्टोबर आहे. ती ऑक्टोबरची तारीख मी कित्येक महिने डब्याची म्हणून वहीत लिहून ठेवली होती. मग एका संध्याकाळी टॉर्च आडवी धरली, तेव्हा त्या छापाखाली आणखी एक ओळ दिसली: चार, तीन, चार, असे अकरा अंक. म्हणजे डब्याचे अंग १९७४ किंवा त्याआधी एकदा भरले गेले होते आणि किमान बारा वर्षांनी पुन्हा भरले गेले. आता वहीत त्या डब्यापुढे तीन नोंदी आहेत: अंग १९७४ किंवा त्याआधीचे, शेवटचा माल ऑक्टोबर १९८६, आणि झाकणापुढे प्रश्नचिन्ह.